भिताडाकडं तोंड करून

...नाई नाई, तसं नोको लिहू. मोठ्या आजीले डेबरी म्हणून, डाव्या हाताची म्हणून, कोणी मारलं नाई, कोणी उपाशी ठेवलं नाई. तिनंच तो हात लपवला. कोणाले दिसू नाई म्हणून लपवला, अन् तिथूनच सारं बिघडलं. तू मनकर्णा आजीले म्हातारपणी पाह्यलं, ओट्यावर बसलेली, डाव्या हातानं तांदूळ निवडून राह्यलेली. तुले वाटलं असन, हे अशीच होती पयल्यापासून. नव्हती. लग्नाच्या टायमाले पाहुणे आले तवा तिच्या मायनं तिचा डावा हात पदराखाली खोसून दिला होता, अन् सांगतलं होतं, पान देशीन तर उजव्यानं दे, पाया पडशीन तर उजवा पुढं कर. डेबरी पोरगी कोण करते? तशीच ते या घरात आली. आता पयल्यापासून लिही.

नवे पैसे निघाले त्याच्या दोनेक साल आधीची गोष्ट हाय हे. जिल्ह्याले तवा चांदाच म्हणत. मूलच्या अलीकडं आपलं गाव, समोर धानाच्या बांध्या, मागं जंगल. मी तवा या घरात नव्हती, मी त्याच्या दोन सालानं आली, मनकर्णाची जाऊ होऊन. म्हणून माह्या डोळ्यांनी पाह्यलेलं यात काई नाई. जे हाय ते तिनं मले सांगतलेलं हाय, अन् एकदा नाई, दहादा सांगतलेलं हाय.

आमची सासू, भागीरथाबाई, कोश्याचं सूत काढायची. कोसे म्हणजे जंगलात येनाच्या झाडावर किडे घर करतात ना, अंड्यावाणी, ते. ते राखेच्या पाण्यात उकळायचे, मऊ करायचे, अन् त्याचे चार-पाच धागे एका हातानं ओढत दुसऱ्या हातानं मांडीवर वळायचे. लुगडं वर घेऊन उघड्या मांडीवर. कपड्यावर धागा घसरते, पीळ बसत नाई, चामडीच लागते. आता उघडी मांडी म्हटल्यावर बाया कुठी बसन? घरामागच्या सांदवाडीत, अन् तोंड भिताडाकडं. साऱ्याजणी भिताडाकडं. कोणी कोणाकडं पाहायचं नाई, तेच रीत होती. बोलायचं लगित, गाणी म्हणायची, एकमेकीच्या सासूची नक्कल करायची, पण मान वळवायची नाई. तीन बाया ओळीनं बसत, पाठी दिसत, हात दिसत नव्हते.

भागीरथाबाईचं सूत म्हणजे नाव होतं त्याचं. कोष्ट्याचे गुणवंतराव मूलवरून स्वतः येऊन घेऊन जात. दुसऱ्याचं सूत पाहात नसत.

मनकर्णा आली त्या सालच्या दसऱ्यापासून सासूनं तिले बसवलं. त्याच दसऱ्यापासून सोनीबाईही यायले लागली. सोनीबाई जंगलातल्या गावची, गोंडाची, नवरा मेलेला, दोन पोरी. तिचा भाऊ कोलू कोसे आणून द्यायचा, त्याच्यानं ओळख झाली. भागीरथाबाईनं तिले शिकवलं, मजुरीले धान देऊ केलं. सोनीबाई म्हणजे उंच, हसरी बाई. भागीरथाबाईच्या घोरण्याची नक्कल ते तिच्याच तोंडावर करायची अन् भागीरथाबाईही हसायची.

सासूनं दोघीले एकदाच दाखवलं. डाव्या हातानं धागे ओढायचे, उजव्या हाताचा तळवा मांडीवर, अन् वरून खाली, कंबरेकडून गुडघ्याकडं लोटायचं. लोटलं का पीळ बसते, मंग ते असारीवर गुंडाळायचं. असारी म्हणजे लाकडाची चौकट, सूत गुंडायची. दाखवलं अन् सासू आपल्या जाग्यावर जाऊन भिताडाकडं तोंड करून बसली.

मनकर्णानं आठ दिवस उजव्या हातानं केलं. गाठी. नुसत्या गाठी. हात दगडावाणी पडे मांडीवर. कवा जोर जास्त, कवा तळव्यातून धागाच सुटून जाय. बाजूची सोनीबाई गाणं म्हणत सूत काढून राह्यली अन् हिची असारी रिकामी. सासू म्हणे, होईन होईन, हाताले येळ लागते. नवव्या दिवशी तिनं पाह्यलं, कोणीच पाहून राह्यलं नाई. मडकं उजवीकडं सरकवलं अन् डाव्या मांडीवर डावा हात ठेवला.

मले सांगे, रंभा, काय सांगू, पाण्यावाणी गेला धागा. बारीक, सारखा, कुठी गाठ नाई. संध्याकाळी असारी सासूजवळ नेली तर सासूनं बोटावर घेऊन पाह्यलं अन् म्हणाली, पाहा, म्हटलं होतं ना होईन म्हणून. तिले त्या रात्री भाकर गोड लागली म्हणे.

पण तिले एक गोष्ट ठाऊक नव्हती, अन् कोणालेच ठाऊक नव्हती. आरशात जसा तुहा उजवा हात डावा दिसते ना, तसंच झालं होतं तिचं. हातही उलटा, मांडीही उलटी, मडक्याची बाजूही उलटी. कंबरेकडून गुडघ्याकडंच लोटत होती, सासूवाणीच, पण सुताले पीळ बसे तो उलटा. डोळ्याले दिसत नाई तो. बोटालेही कळत नाई. मागावर गेल्यावरच कळते.

पौषात गुणवंतराव आले. कोण्या मालगुजाराच्या घरच्या लग्नाचं कापड होतं, तेच घेऊन आले. ओट्यावर पसरलं. वीतभर चमकदार, वीतभर मातीवाणी, मंग परत चमकदार. अन् एका पाण्यातून काढलं तर पापडावाणी आकसलेलं, कोपरे वळलेले. गुणवंतराव ओरडले नाई. तो माणूस हळूच बोलायचा, तेच जास्त लागे. त्यायनं टोपलीतल्या दोन लड्यातून दोन धागे काढले, ओले केले, दोन्ही मधातून दुमडले अन् सोडले. एक धागा आपल्या आपण उजवीकडं वळला, दुसरा डावीकडं.

म्हणाले, "भागीरथाबाई, तुमच्या घरात दोन प्रकारचे हात हायेत. एक हात उलटा चालते. कोणता ते तुम्ही पाहा. तवापर्यंत मी सूत घेत नाई."

अन् ते गेले. गडी माणूस सांदवाडीत येऊ शकत नाई, म्हणून त्यायनं स्वतः काई पाह्यलं नाई. पाह्यलं असतं तर एका घडीचं काम होतं.

भागीरथाबाई सांदवाडीत आली. दोघी उभ्या राह्यल्या. तिनं विचारलं, कोणाचा हात उलटा चालते?

मनकर्णाले तवाच समजलं. पायापासून डोस्क्यापर्यंत समजलं. आता डावा हात सांगावा तर लग्नातली लबाडीही निघन, मायचं नाव निघन. ते खाली पाहात उभी राह्यली. अन् सोनीबाईनं पाह्यलं का कोणी बोलत नाई, तर ते भोळ्या मनानं म्हणाली, माहाच असन बाई, मी नवी हाय, कसं करायचं ते सांगा, सुधरवतो मी.

झालं. एवढंच झालं. ते म्हणाली "असन", अन् सासूनं धरलं "हाय". घरची सून अन् बाहेरची बाई, जंगलातली, तिच्यात सासूले निवडायले काय येळ लागते? तिनं सोनीबाईले बसवून हात पाह्यलाही नाई. सांगतलं, तू आता येऊ नोको, माहं नाव गेलं तर घर जाते. सोनीबाईनं आपला विळा घेतला, पोरींसाठी बांधून ठेवलेला भात घेतला, अन् मागच्या वाटेनं गेली. जाताना मनकर्णाले म्हणाली, येतो बाई. मनकर्णानं वर पाह्यलं नाई. मले सांगे, तिच्या पायातले पितळेचे कडे दिसत होते, तेवढेच पाह्यले मी.

आता तिले दोनच रस्ते होते. नाई तर खरं बोलायचं, नाई तर हात सुधरवायचा. तिनं हात सुधरवला.

उजव्या हातानं तर होत नव्हतं. मंग एक दिवस तिच्या डोस्क्यात आलं, हात डावाच ठेवला अन् लोटायच्या जागी ओढलं तर? गुडघ्याकडून कंबरेकडं. खालून वर. तिनं केलं, धागा ओला करून दुमडून सोडला, गुणवंतरावानं केलं तसा. उजवीकडं वळला, सासूच्या सुतावाणी.

एकदा वळला, पण हात कुठी ऐकते? हाताले तीन महिन्याची सवय. ध्यान ठेवलं का वर जाय, जरा सासूनं काई विचारलं का खाली. मध्येच आठवे, मंग सूत तोडायचं, फेकायचं, परत. पयल्या दिवशी दहात एक बरोबर. मांडी सोलून निघाली, राखेच्या पाण्यानं चरचरे. अन् एक गंमत सांगे ते. जितकं हाताकडं पाहून हुकूम देऊन राह्यली, वर जा, वर जा, तितक्या गाठी पडत. पाहणं सोडलं, भिताडावरच्या पालीकडं पाहात बसली, अन् दर दहा वेळा एकदा धागा दुमडून पाह्यला, तर हात आपल्या आपण वळणावर आला. हाताले सांगून कळत नाई पोरी. त्याले त्याची चूक दिसली पायजे, लगेच दिसली पायजे, मंग तो थोडा थोडा सरकते. रोज थोडा. महिना गेला. मंग असं झालं का देवाच्या वाती वळायले बसली तर त्याही खालून वर वळून राह्यली, अन् पयल्यावाणी वरून खाली करायले गेली तर तेच जमेना.

माघाच्या शेवटाले गुणवंतराव आले. दहा लड्यातून दहा धागे काढले, दुमडले, सोडले. दहाही एकाच बाजूले. ते भागीरथाबाईले म्हणाले, "आता चोख हाय. म्हणजे तुम्ही काढली ते बाईच होती."

मनकर्णा दारामागं उभी होती. तिनं मेहनत केली, रक्त काढलं मांडीतून, अन् त्या मेहनतीनं काय झालं, तर सोनीबाईवरचा डाग पक्का झाला. सोनीबाई गेली अन् सूत सुधरलं, आणखी काय पुरावा पायजे लोकाले? मूलच्या बाजारात बाया म्हणायले लागल्या, ते उलट्या पिळाची. कोणी तिच्या हातचं सूत हातात घेऊन पाहात नव्हतं. तिच्या पोरी बाजारात आल्या तरी तेच नाव.

चैतात मोहाचे दिवस होते. कोसे आणायले सासूनं मनकर्णाले कोलूच्या गावाले धाडलं. सोनीबाई तिथीच राहे, भावाच्या बाजूले. घरासमोर मोहफूल वाळत घातलेलं, अन् ते परसात बसून होती, मांडीवर सूत घेऊन. मनकर्णाले वाटलं, ते तोंड फिरवन. तिनं तोंड फिरवलं नाई. खुश झाली. म्हणाली, बरी आलीस बाई, भागीरथाबाईले दाखवायले एक लडी केली हाय, तू पाहा अन् सांग, आता बरोबर झालं का?

अन् ते करून दाखवायले लागली. उजवा हात. उजवी मांडी. अन् गुडघ्याकडून कंबरेकडं, खालून वर.

समजून घे पोरी, लिहिणं थांबव अन् समजून घे. तिचा हात पयल्यापासून सरळ होता. तिले सांगतलं का तुहा हात उलटा हाय, अन् तिनं विश्वास ठेवला. तीन महिने बसून, जंगलातून आल्यावर, दमल्या अंगानं, तिनं आपला चांगला हात मोडला अन् उलटा बसवला. खरी चूक दिसली तर हात खऱ्याकडं वळते, अन् खोटी चूक दाखवली तर तिकडंही वळते. हाताले काय माहीत, कोण खरं बोलून राह्यलं.

मनकर्णानं धागा ओला केला, दुमडला, सोडला. डावीकडं गेला.

पयले ते अर्धंच बोलली. म्हणाली, तू पयले करत होती तसंच कर. सोनीबाई हसली, म्हणाली, तेच तर चुकीचं होतं ना बाई, तुह्या सासूनंच सांगतलं. मनकर्णा म्हणे, नाई, पयलंच कर. सोनीबाईनं वरून खाली लोटून पाह्यलं तर आता तेही जमेना. हात मध्येच थांबे, कुठी जावं ते त्याले कळेना. तिच्या तोंडावरचं हसू गेलं. आपल्या हाताकडं पाहात बसली, दुसऱ्याचा हात असल्यावाणी.

तवा मनकर्णानं सांगतलं. डावा हात पुढं केला अन् सांगतलं, सूत हे या हातानं बिघडवलं. तू उभी होती, मी उभी होती, मी बोलली नाई.

सोनीबाईनं मांडीवरचं सूत खाली ठेवलं. मडक्याखालचं लाकूड बाहेर ओढलं, विझवलं. मंग म्हणाली, "मले सांगून काय करतं बाई? मले काढलं ते तुह्या सांदवाडीत. तिथी सांग."

घरी येऊन मनकर्णा रोज ठरवे, आज सांगतो. सासू जेवली का सांगतो. सासू जेवे, पान खाय, झोपे. चार वेळा तोंड उघडलं अन् चार वेळा दुसरंच बोलली. एकदा म्हणे, आत्याबाई, मीठ सरलं. मीठ सरलं नव्हतं.

तोंडानं होत नाई म्हटल्यावर तिनं एक दिवस आपली चटई फिरवली. भिताडाकडं पाठ, सांदवाडीकडं तोंड, लुगडं वर घेतलेलं, डावी मांडी उघडी, डावा हात. असं कोणी बसत नाई. भागीरथाबाई मडकं घेऊन दारातून आली अन् तिथीच थांबली. पयले ते बेशरमीचं बोलायले गेली, मंग तिचे डोळे हातावर गेले. तीस सालाचा हात होता तिचा, तिले समजवून सांगायची गरज नव्हती.

"कवापासून?"

"पयल्यापासून, आत्याबाई."

"सोनीबाई?"

"तिचा हात सरळ होता."

भागीरथाबाईनं मडकं खाली ठेवलं. मागचं दार लावून घेतलं. मनकर्णाले वाटलं, आता मारन. मारलं असतं तर बरं होतं म्हणे. ते जवळ आली, तिच्या मांडीवरचं लुगडं स्वतः खाली ओढलं अन् हळूच बोलली. म्हणाली, आता गुणवंतरावाले काय सांगू, माही सून डेबरी हाय अन् दुसऱ्याची बाई मी न पाहाता काढली? माह्या हाताचं नाव हाय, तेही जाईन, तुहंही जाईन. आता सूत चांगलं येऊन राह्यलं ना.

"भिताडाकडं तोंड कर," म्हणाली.

अन् मनकर्णानं केलं.

हे सांगताना ते माह्याकडं पाहात नसे. म्हणे, रंभा, पयल्या वेळी मी बोलली नाई ते भेवानं. तवा मले विचार करायलेही येळ मिळाला नाई. पण हे दुसऱ्या वेळी मी सारं जाणून चटई उचलली अन् फिरवली, माह्याच हातानं. त्यानंतर सासूनं एक टोपलं तांदूळ कोलूच्या हातानं सोनीबाईले धाडले होते. दुसऱ्या बाजाराले कोलूनं ते टोपलं परत आणून ओट्यावर ठेवलं. सासूनं बांधलेली गाठ तशीच होती.

सोनीबाईचा हात मंग दोन-तीन महिन्यात जाग्यावर आला म्हणतात. हात आला, नाव आलं नाई. ते कोसे विकत राह्यली, मोहफूल वेचत राह्यली, पण तिचं सूत या भागात कोणी घेतलं नाई. लग्नात तिच्या पोरीलेही ऐकावं लागलं. अजूनही त्या गावाले त्यायच्या घराले काय म्हणतात ते तुले ठाऊक हाय.

मी या घरात आली तवा मनकर्णानंच मले सूत शिकवलं. समोरासमोर बसवून. मी लाजली, तर म्हणाली, लाज वाटू दे, पण माहा हात पाहा अन् मी तुहा पाहातो. त्यानंतर ते कवाच भिताडाकडं तोंड करून बसली नाई, अन् सासूही तिले काई बोलली नाई. पण घराबाहेर गोष्ट गेली नाई. कोणी तिच्या सुताची तारीफ केली का ते उठून जाय, मडकं पाहातो म्हणे, अन् मडक्याखाली आग नसे. सासू मेली तवा वाटलं होतं, आता बोलन. मी म्हटलंही तिले. ते म्हणाली, इतक्या सालानं गेली तर सोनीबाई मले काय म्हणन. मंग सोनीबाईही मेली. अन् मी? मले तर या घरात आली त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून सारं ठाऊक होतं. माहं तोंड कोणी धरलं नव्हतं. घरातलं घरात म्हणून मीही गप राह्यली, तेही लिही, कापू नोको.

आता मनकर्णाले जाऊन तीन महिने झाले. शेवटच्या दिवसात डावा हात चादरीवर ठेवून बसे, अन् बोटं खालून वर सरकत. मी धरून ठेवायची.

तर आता तू सोमवारी गडचिरोलीले जाशीन तवा हे कागद घेऊन जा. सोनीबाईची नात, सोमारी, ते तिथी दवाखान्यात नर्स हाय, तू ओळखतं तिले. तिच्या घरी जा, चहा घेऊ नोको आधी. बसून तिले हे सारं वाचून दाखव, सांदवाडीतलंही, टोपल्याचंही. तिले राग आला तर येऊ दे, ऐकून घे. अन् वाचून झालं का तोंडानं सांग, तुह्या आजीचा हात पयल्या दिवसापासून सरळ होता, सूत आमच्या घरानं बिघडवलं, अन् हे तू तुह्या गावात कोणालेही सांग, आमचं नाव घेऊन सांग.